बोर्डावरचा काळ

प्रमिला खोबरेकर संध्याकाळी वहीचं पान घेऊन आली.
पानावर चिकटलेलं एक खवलं,
त्याखाली तिच्या लेकाच्या अक्षरात:
हिअर विल गेट होम फूड.
सुरमई थाळी विल गेट.
सी इज बॅकसाइड ऑफ हाउस.
"बाई, पेंटर उद्या येतलो. अक्षराक बारा रुपये घेता.
चुकीची अक्षरां कशाक रंगवची?"

एकतीस वर्षं मी हायस्कुलात क्रियापदं दुरुस्त केली.
लाल पेन अजून तेच, रिफिल बदलते.
विल गेटखाली रेघ ओढली, म्हटलं,
असं लिहिलंस तर सुरमईच कुणाकडे जेवायला निघाली.
ती हसली नाही.
चार खोल्या झाडून आलेल्या बाईपर्यंत
व्याकरणातले विनोद उशिरा पोचतात.

लिहिलं, इज अव्हेलेबल.
अर्थ सांगितला: आहे. तयार आहे.
"आणि गावली नाय तर?
दोन दिवस वारो असलो, होडी सुटली नाय, तर?
मिळेल म्हटल्यार कसा, गावली तर गावली."

पेन थांबलं.
तारकर्लीपासून देवबागच्या टोकापर्यंत
पाटीपाटीवर हेच आहे:
नारळपाणी मिळेल. बोटिंग मिळेल. खोली मिळेल.
इतकी वर्षं वाचते, आणि आज कळलं
की त्या एका लकारात वाऱ्याला जागा आहे,
फाटलेल्या जाळ्याला, न आलेल्या गिऱ्हाइकालाही.
इंग्रजीत तेवढी जागा ठेवायची तर
सब्जेक्ट टु कॅच. चौदा अक्षरं, एकशे अडुसष्ट रुपये.
इफ कॉट शहाण्णवात बसतं,
पण त्यात माशाऐवजी चोर सापडल्यासारखा वाटतो.
शेवटी अव्हेलेबलच ठेवलं. तिने मान हलवली,
पटल्यासारखी नव्हे, परवडल्यासारखी.

मग बॅकसाइड खोडलं, बिहाइंड केलं.
"किती पावलां तांय लिवा. लोक इचारतत."
किती?
"लगीन झाला तेव्हा दोनशे. सुरूच्यो तीन रांगो मधी.
गेल्या वर्षाक चाळीस.
औंदा मोजूक नाय."

मी मनात रूपं चालवायला लागले.
इज म्हणावं, तर रंग वाळेपर्यंत खरं.
वॉज म्हणावं, तर पाहुणा विचारेल, मग आता कुठे गेला?
हॅज कम: आला, पोचला. ते तिच्यासमोर लिहवेना.
इज कमिंग.
फळ्यावर कितीदा लिहिलंय मी,
अंकल इज कमिंग टुमॉरो,
मुलांनो, हे ठरलेलं येणं, पिशवी भरून झाली आहे.
ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तर चार वर्षं एकच वाक्य:
बंधारा बांधण्यात येईल.
कर्ता शोधा, दोन गुण.
तेही एक मिळेलच.

प्रमिलाने पान स्वतःकडे ओढलं,
बोटाने इजवर ठेवून म्हणाली,
"ह्या काढल्यार चलात?"
चालेल. पाटीला क्रियापद लागत नाही.
"मगे काढा. चोवीस रुपये वाचले. पावलांय नको."
सी बिहाइंड द हाउस.
शाळेत असं वाक्य आलं असतं
तर मी अर्धा गुण कापला असता.

दारात चपला घालताना म्हणाली, "येतंय हां."
जाणाऱ्याने येते म्हणायचं,
ही चूक मी आजवर कुणाची दुरुस्त केलेली नाही.
माडांच्या मागे भरती लागली होती.
पाटावर बसून पेनाचं टोपण शोधलं,
तर त्याच्याखाली पान. इथेच विसरली, खवल्यासकट.
असो. पेंटर उद्या येईल.
गावलो तर गावलो.